साऊ आत्याचा पायगुण

हनोई स्टेशनात गाडी शिरली तेव्हा साऊ आत्याने बाकावर उभं राहून नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. दोन रात्री आम्ही लाकडी बाकावर बसून काढल्या होत्या, माझ्या कमरेचे बारा वाजले होते, आणि साठी उलटलेली ही बाई खिडकीच्या जाळीला नाक लावून ओरडत होती, "क्वेन, ऊठ! हनोई आलं! अगं, इथली माणसं स्वेटर घालतात!"

"थंडी असते आत्या, म्हणून घालतात."

"मला पण एक घ्यायचाय."

"आपल्या पैशात एक बाही येईल."

"चालेल. उजवी घेऊ," आत्या म्हणाली आणि तिची सॅक पाठीवर चढवून सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

आम्ही मेकाँगच्या काठची, पार दक्षिणेची माणसं. आमच्याकडे घरातल्या क्रमाच्या आकड्यानेच हाक मारतात. साऊ म्हणजे सहा. साऊ आत्याने उभा जन्म कांथोच्या तरंगत्या बाजारात होडीवर मासे विकले. पण गावात तिचं नाव माशांसाठी नव्हतं, पायगुणासाठी होतं. सकाळची भवानी ज्याच्या हातून होईल त्याच्यावर अख्ख्या दिवसाचा धंदा ठरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंधारात होड्या जमल्या की चहूकडून हाका सुरू व्हायच्या, "साऊताई, आधी माझ्याकडे! एक कांदा घे, पण पहिली तू घे!" आणि आत्या या होडीतून त्या होडीत पाय टाकत, कुठे कांदा, कुठे अननस उचलत, भाव न करता, हसत हसत पुढे जायची. कुणाचं नवं दुकान उघडायचं असलं तरी पहिलं पाऊल तिचंच असायचं.

मग आत्याचे यजमान, आमचे काका, गेले. सुतकातल्या माणसाने कुणाच्या दुकानात पहिलं पाऊल टाकू नये हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं, त्यामुळे ती आपणहून मागे राहिली. यथावकाश सुतक फिटलं, डोक्याची पांढरी पट्टी जाळून झाली, पण हाका काही परत आल्या नाहीत. लोक वाईट नव्हते. फक्त अंधारात तिची होडी दिसली की जो तो आपला माल नीट लावायला घ्यायचा.

गेल्या महिन्यात माझ्या सख्ख्या भावाने मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं. आत्या उजाडायच्या आत नवे कपडे घालून ओट्यावर बसली होती. भावाने पहिल्या पावलाला भात गिरणीच्या मालकाला बोलावलं. आत्या ओट्यावरून उठली. आत गेली, कपडे बदलले आणि मासे सुकत घालायला बसली. मला इतका संताप आला की त्याच आठवड्यात मी कारखान्यात रजा टाकली आणि उत्तरेकडची दोन तिकिटं काढली, सगळ्यात स्वस्तातली. आत्याला म्हटलं, चल, पाठीवर सॅक टाकून देश बघू. तिने कुठे, कशाला, काही विचारलं नाही. सुके मासे सॅकमध्ये भरले आणि निघाली.

हॉस्टेलमध्ये खाटा दुपारनंतर मिळणार होत्या. जिन्याखाली सामान ठेवा म्हणाले. आत्याने सॅक ठेवायला साफ नकार दिला. "यात मासे आहेत. इथे मांजर आहे. मी काय आज जन्मले?" असं म्हणून ती सॅकसकट रस्त्यावर आली, आणि आमचा हनोईतला दिवस सुरू झाला.

पहिली गरज होती टोपीची. आत्याची पानांची शंकूसारखी टोपी वाटेत एका स्टेशनावर वाऱ्याने उडाली होती, आणि डोक्यावर टोपी नसली की तिला आपण न्हाणीघरातून अर्धवट बाहेर आलो आहोत असं वाटतं. रेल्वे पुलाजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी एक बाई फुटपाथवर टोप्या मांडत होती. साठीचीच, अंगाने काटकुळी, केस घट्ट बांधलेले. तिच्यामागे एक बंद शटर होतं आणि शटरवर लाल कापडाने झाकलेली नवी पाटी.

आत्याने एक टोपी उचलली, उन्हाकडे धरून विणीतून पाहिली, डोक्यावर घातली, काढली. "केवढ्याला?"

"नव्वद हजार डोंग." असली साधी टोपीही आमच्या पैशात हजारांतच जाते.

"पन्नास."

"नव्वदची आहे ताई. आतली पानं बघा, दुहेरी आहेत."

"दुहेरी आहेत म्हणून पंचावन्न."

"ऐंशी. आता बोलू नका."

आत्याने टोपी खाली ठेवली आणि पाठ फिरवून चालू लागली. ही तिची जुनी खोड. आमच्या बाजारात पाठ फिरवली की चार पावलांत मागून हाक येते, 'ये गं, ने एकदाची.' आत्या चालत होती आणि मला डोळ्याने खुणावत होती की आता बघ. हाक आली नाही. मागून आला जळक्या कागदाचा वास.

मी वळून पाहिलं. टोपीवालीने वर्तमानपत्राचा एक कपटा लायटरने पेटवला होता आणि तो आपल्या टोप्यांवरून गोल गोल फिरवत होती. फिरवून झाल्यावर तिने तो आमच्या दिशेने फुटपाथवर टाकला आणि वर चपलेने विझवला. "सकाळी सकाळी नाट लावून गेली," ती शेजारच्या दाराकडे बघून म्हणाली. "अजून भवानी व्हायची होती माझी!"

आत्या जागच्या जागी थिजली. तिच्या पाठीवरची ती भलीमोठी सॅक सुद्धा हलेना.

"भवानी झाली नव्हती?" ती मला पुटपुटत म्हणाली. "अगं, साडेसहा वाजलेत! साडेसहाला आपल्याकडे अर्धा बाजार उठतो!"

"इथे आत्ता मांडतात आत्या."

"मला वाटलं दहा टोप्या तरी विकल्या असतील हिने." ती धावत परत गेली. "ताई, चुकले मी. द्या ती टोपी. नव्वद घ्या. शंभर घ्या!"

"आता नको तुमचे पैसे," टोपीवाली तिच्याकडे न बघता म्हणाली. आत्याने हाताळलेली ती टोपी तिने उचलली आणि बाजूला एका खिळ्याला अडकवली, विकायच्या मालापासून लांब. "जा तुम्ही. दक्षिणेहून आलात ना? तोंडात साखर आणि हातात कात्री."

एरवी मी भांडले असते. पण आत्याने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तिने स्वतः तीस वर्षं असे कागद जाळले होते, चिकट गिऱ्हाइकांच्या मागे. आज तिच्या मागे कुणीतरी जाळला होता.

"बरोबर केलं तिने," कोपऱ्यावर आल्यावर आत्या म्हणाली. "मी असते तर मीही जाळला असता. गावातली माणसं उगाच नाही गं तोंड फिरवत."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. गेला माझा पायगुण. चल, भूक लागली."

पण भूक लागून उपयोग नव्हता, कारण आता आत्याने नवा नियम काढला. आज आपण कुठेही पहिलं गिऱ्हाईक व्हायचं नाही. कुणाचा दिवस आपल्या हातून नासायला नको. सकाळी सात वाजता हनोईत नाश्ता शोधणाऱ्या माणसाने हा नियम पाळून बघावा! फोच्या, म्हणजे शेवया-रश्श्याच्या, एका दुकानासमोर आम्ही झाडाखाली उभ्या राहिलो. आतून रश्श्याचा वास येत होता, पोटात कावळे ओरडत होते आणि आत्या दबा धरून गिऱ्हाइकाची वाट पाहत होती. शेवटी एक गृहस्थ येऊन बसला, त्याच्यापुढे वाडगा आला, त्याने दोन घास घेतले. "झाली भवानी!" म्हणून आम्ही आत घुसलो, तर तो गृहस्थ उठला, फडका घेतला आणि आमचं टेबल पुसायला लागला. तो मालकिणीचा नवरा होता. आत्या जी बाहेर पळाली ती थेट पुढच्या चौकात थांबली.

अखेर आम्हाला एक गर्दीचं दुकान सापडलं आणि आम्ही एका वाडग्यात दोन चमचे घालून खाल्लं. पोटात गरम गेल्यावर आत्याला पुन्हा तरतरी आली. ती बाई मुळात दुःखी बसणाऱ्यांपैकी नाहीच. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने हजार स्कूटर वाहताना पाहिल्या आणि तिचे डोळे चमकले. मी अर्धा तास तिथेच उभी राहिले असते. आत्याने एक हात वर केला, पाऊल टाकलं आणि ना थांबता ना पळता सरळ पलीकडे गेली. स्कूटर तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

"नदीच आहे ही!" पलीकडून तिने हाक दिली. "पाण्याशी भांडायचं नाही, ये! मधेच थांबलीस तर बुडशील!"

मी डोळे मिटून निघाले. पलीकडे पोचले तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. मग आत्याला चटकच लागली. कारण नसताना तिने तो रस्ता परत ओलांडला, मग पुन्हा इकडे आली, आणि एका घाबरलेल्या गोऱ्या जोडप्याला हाताला धरून पलीकडे सोडून आली.

दिवसभर आम्ही नुसत्या पायी भटकलो. फुकट जे जे दिसतं ते सगळं पाहिलं. तळ्याकाठी व्यायाम करणाऱ्या बायकांच्या रांगेत आत्या सॅकसकट घुसली आणि त्यांच्याबरोबर पंखा नसताना पंखा हलवून आली. लाँग बिएन पुलावर आम्ही पार मध्यापर्यंत चालत गेलो. खाली तांबडी नदी, पायाखालच्या फळ्यांतून तिचं पाणी दिसत होतं. तेवढ्यात मागून आगगाडी आली, अख्खा पूल थरथरला आणि आत्याने कठड्याला धरून अशी काही आरोळी ठोकली की गाडीतल्या लोकांनी हात हलवले.

"क्वेन, तुझ्या काकाला हे दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा आनंदाने फुलला होता. मलाही भरून आलं. मी इतकी खूश कधी नव्हते, आणि माझ्याकडे जेमतेम परतीपुरते पैसे होते.

दुपारी हॉस्टेलच्या दुमजली खाटा मिळाल्या. आत्याने सॅक उघडली आणि सुक्या माशांच्या वासाने खोलीतली सगळी परदेशी मंडळी पाच मिनिटांत शहर बघायला बाहेर पडली. आत्या खाटेवर पडली, वरच्या फळीकडे बघत राहिली, आणि मग अचानक उठून बसली.

"मला ती टोपी घ्यायचीय."

"दुसरी घेऊ ना, शंभर दुकानं आहेत."

"दुसरी नको. तीच. ती म्हणेल त्या भावाने. संध्याकाळी गेलं की भवानीचा प्रश्न नाही. क्वेन, आपण उद्या सकाळच्या बसने डोंगरात जाणार. मग त्या बाईच्या मनात मी कायमची तशीच राहीन, नाट लावून गेलेली. गावात राहिले तेवढं पुरे झालं. इथे तरी नको."

मी चपला शोधल्या. आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सकाळचं बंद शटर आता उघडं होतं. दारापाशी फुलांच्या टोपल्या, आत नवीकोरी स्टुलं, एका मोठ्या पातेल्यातून खेकड्याच्या रश्श्याची वाफ निघत होती. पण आत एकही माणूस नव्हता. दारात तिशीची एक मुलगी ॲप्रन घालून उभी होती, फोन कानाला, चेहरा रडवेला. शेजारपाजारचे दहा-पंधरा जण फुटपाथवर ताटकळत होते. आणि टोपीवाली बाई दुकानाच्या उंबऱ्याबाहेर, एका कडेला उभी होती. तिच्या टोप्या दिसत नव्हत्या. फक्त खिळ्याला ती एक टोपी लटकत होती.

"मामा अजून पुलावरच आहे," मुलगी फोन ठेवत म्हणाली. "ट्रक आडवा झालाय. स्कूटरही निघत नाहीये."

"पाचला मुहूर्त संपतो लोआन," टोपीवाली म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. "या बया! तुम्ही परत?"

"टोपी घ्यायला आले ताई," आत्या म्हणाली. तिने नव्वद हजार हातात तयारच धरले होते. "भाव करायचा नाही. घासाघीस नाही. द्या आणि मला मोकळी करा."

"आज कुणाला मोकळं करायला वेळ नाही मला. लेकीचं दुकान आहे. पहिलं गिऱ्हाईक आत जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला जाता येत नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक अडकलंय पुलावर."

मी मध्येच विचारलं, "काकू, पण बाकीच्या टोप्या कुठे गेल्या?"

टोपीवाली जरा चाचरली. "विकल्या."

"सगळ्या?"

"दहा वाजायच्या आत. एक बस भरून माणसं आली होती देवळाला निघालेली. ऊन लागलं, सगळ्यांनी घेतल्या." तिने हनुवटी वर केली. "मी कागद जाळला ना, म्हणून."

आत्याचा इतका वेळ खाली असलेला चेहरा वर आला. तीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती, यात तिला कुणी शिकवावं? "कागदाने?" ती म्हणाली. "ताई, कागद मीही जाळले आहेत, पोतंभर. कागदाने नाट जाते. गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक पायगुणाने येतं. सकाळपासून तुमच्या मालाला माझ्याआधी कुणाचा हात लागला होता, सांगा बरं?"

"वा! नाट लावायची ती लावायची आणि वर श्रेय घ्यायचं!"

"मग बसवाले काय तुमच्या लायटरचा धूर बघून आले?"

फुटपाथवरची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "तुएत काकू, बोला आता!" तुएत काकूंनी, म्हणजे टोपीवालीने, फुलांची एक टोपली उगाच सरळ केली. पण लोआनचं लक्ष हसण्याकडे नव्हतं. ती दारातून पुढे आली. "मावशी, तुमचा जन्म कुठल्या वर्षातला?"

आमच्या देशात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं असतं, आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं वर्ष मालकाच्या वर्षाशी जुळावं लागतं. आत्या हातातल्या नोटांची घडी घालू लागली.

"सांगा ना मावशी. मी बोकडाच्या वर्षातली. मला मांजराच्या किंवा डुकराच्या वर्षातलं माणूस हवंय, गल्लीत सगळ्यांना विचारून झालं. कुणाचंच जुळत नाही. मी कारखाना सोडून हे दुकान टाकलंय मावशी, असलं नसलं सगळं यात आहे. आज चांगलं उघडलं नाही तर आईला वर्षभर झोप लागायची नाही."

आत्याचं वर्ष मांजराचं होतं. मला माहीत होतं आणि मी बोलणारही होते, पण तिने हाताने मला थांबवलं. मला वाटलं आता ती हसून पुढे होईल. इतकी वर्षं याच हाकेची ती वाट बघत होती.

"मांजराचंच आहे," आत्या म्हणाली. "पण पोरी, मी विधवा आहे. आधी सांगितलेलं बरं. सुतक फिटलंय, तरी आमच्या गावात मला आता कुणी पहिलं बोलवत नाहीत. आणि सकाळी तुझ्या आईने माझ्या मागे कागद जाळलाय. तू दुसरं कुणी बघ."

लोआनने आईकडे पाहिलं. आत पातेलं रटरटत होतं. कुणीतरी घड्याळ पाहिलं.

तुएत काकू उंबऱ्याबाहेर होत्या तिथेच उभ्या होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आम्ही आल्यापासून त्यांनी त्या उंबऱ्याला पायसुद्धा लावला नव्हता. फुलं बाहेरूनच सरळ करत होत्या, बोलणं बाहेरूनच चाललं होतं.

"मी काय सवाष्ण आहे?" त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता. "ही बारा वर्षांची होती तेव्हा हिचे वडील गेले. दुकानाला रंग लागला, चूल आली, स्टुलं आली. मी सगळं इथून बघितलं. लेकीच्या दुकानात मीच पहिला पाय टाकायला नको म्हणून."

"आई, मी तुला शंभरदा म्हटलं आत ये—"

"तू गप्प बस." तुएत काकू आत्यापाशी आल्या. दोघी एकाच उंचीच्या होत्या. "तुम्हाला खोटं बोलता आलं असतं. मांजराचं वर्ष आहे एवढंच म्हणाला असतात आणि आत गेला असतात. मला काय कळणार होतं?"

"धंद्यात बसलेय मी," आत्या म्हणाली. "दुसऱ्याच्या भवानीशी खोटं नाही बोलवत."

तुएत काकूंनी खिशातून लायटर काढला. खुर्चीवरचं वर्तमानपत्र घेऊन त्याचं एक अख्खं पान चुरगाळलं, फुटपाथच्या मधोमध ठेवलं आणि पेटवलं. ज्वाळा चांगली गुडघ्याएवढी उठली.

"चला," त्या आत्याला म्हणाल्या. "ओलांडा. सगळी नाट इथेच जाऊ दे."

आत्या बघत राहिली. मी तिची सॅक काढून घेतली. मग तिने पायजमा जरा वर उचलला आणि त्या आगीवरून पाऊल टाकलं. पलीकडे गेली, वळली, पुन्हा इकडे आली. ज्वाळा खाली बसायला लागली होती. आणि तेवढ्यात तुएत काकूंनीही पायजमा उचलला, माझ्या आत्याचा हात धरला, आणि दोघींनी एकदम ती आग ओलांडली. गल्लीतल्या कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवत होते, नाक पुसत होते आणि माझा मलाच पत्ता नव्हता.

तुएत काकूंनी खिळ्याची टोपी काढली. आत्याने नव्वद हजार दिले, त्यांनी मोजलेही नाहीत. टोपी त्यांनी आपल्या हाताने तिच्या डोक्यावर ठेवली, हनुवटीखाली पट्टा सरळ केला.

"आता जा. हसत जा."

ते सांगायची गरजच नव्हती. साऊ आत्या उंबरा ओलांडून आत गेली आणि तिचं ते जुनं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं, जे बघायला मी अख्खा देश पालथा घालून आले होते. ती मधल्या स्टुलावर बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी, तुझ्या हातचा एक वाडगा दे. मोठा दे!"

लोआनने घाईत वाडगा भरला, थोडा रस्सा सांडला. आत्याने शेवया ओढल्या, रस्सा प्यायली, वाडगा रिकामा करून दाखवला. "झकास!" ती म्हणाली. कोरी नोट ठेवली, सुटे मागितले नाहीत, उठली, आणि मागे वळून न बघता बाहेर आली. घड्याळात पाचला थोडीच मिनिटं कमी होती. तिच्या मागोमाग तुएत काकू आत गेल्या, आणि मग सगळी गल्लीच आत घुसली. स्टुलं कमी पडली. पुलावरचा मामा सहा वाजता पोचला तेव्हा त्याला उभ्याने खावं लागलं.

"रस्सा कसा होता?" परत जाताना मी आत्याला विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. "आपल्यासारखी साखर अजिबात नाही. या उत्तरेच्या लोकांना कोण सांगणार? पण पहिल्या गिऱ्हाइकाने खोट काढायची नसते."

रात्री आत्या टोपी छातीवर घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हॉस्टेलचं दार कुणीतरी दणादण वाजवायला लागलं. आमची सातची बस होती, मी सॅक भरत होते. खाली जाऊन बघते तर तुएत काकू; हॉस्टेलचा पत्ता आत्यानेच काल दिला होता. अंगात स्वेटर, केस तसेच घट्ट बांधलेले.

"तुझी आत्या उठली का?"

"हो, का?"

"का काय! टोप्या मांडून बसलेय मी. भवानी व्हायचीय." त्यांनी मान वळवून आपल्या गल्लीच्या दिशेने पाहिलं आणि जरा ओशाळल्या. "माझीच नाही. केळीवाली, केरसुणीवाली, तो चहावाला, सगळे बसलेत. कालचं लोआनचं बघितलंय ना सगळ्यांनी. म्हणाले, त्या दक्षिणेच्या ताई येऊन पहिलं घेईपर्यंत कुणालाच विकायचं नाही."

मी वर धावले. आत्याने जिन्यातूनच सगळं ऐकलं होतं. ती वळून खोलीत गेली. सॅकमधून नवे कपडे काढले, भावाच्या दुकानाच्या दिवशी घातलेले तेच, आणि मला पाठ करायला लावून बदलले. मग टोपी घातली आणि खाली उतरली.

त्यांच्या गल्लीत सगळे मांडून बसले होते. आत्या दिसल्याबरोबर दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या. "ताई, आधी इकडे!" "एक केळं घ्या, पण पहिलं तुम्ही घ्या!" ती हसत हसत प्रत्येकापाशी थांबत होती, भाव न करता एक एक वस्तू उचलत होती, आणि मी मागून ओझी वाहत होते. केळी, केरसुणी, चहाची पुडी, आणखी एक टोपी. डोंगरातल्या दोन दिवसांचं आमच्या जेवणाचे पैसे तिथेच खलास झाले. बस सुटायला पंधरा मिनिटं राहिली होती.

"आत्या, थांब, तिथेच उभी राहा," मी म्हणाले. "फोटो काढते. घरी पाठवू, भावाला."

"गप्प गं," साऊ आत्या मागे न बघता म्हणाली. "भवानीच्या वेळी मध्ये बोलू नये."